वजनाचं इंजेक्शन: सुरू करण्याआधीपासून थांबवल्यानंतरपर्यंत

सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री दहा वाजता गरम गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट समोर असताना ‘मला दोनच फोडी पुरे’ म्हणणारी माणसं इंदूरला अलीकडे दिसायला लागली आहेत. विचारलं तर बरेचदा उत्तर येतं, ‘आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे ना!’ माझं मेडिकल लोकमान्य नगरच्या बाजूला आहे. काउंटरवर ‘ताई, ते वजनाचं इंजेक्शन आहे का?’ असं आता डोकेदुखीची गोळी मागावी तितक्या सहज विचारलं जातं. बाकीचे प्रश्न, म्हणजे कुठे ठेवायचं, कसं टोचायचं, उलटी झाली तर काय, किती दिवस घ्यायचं, हे पैसे मोजून झाल्यावर येतात. खरं तर ते आधी यायला हवेत, म्हणून ते ज्या क्रमाने पुढ्यात येतात त्या क्रमानेच लिहिते आहे.

मी औषधविक्रेती आहे, डॉक्टर नाही. खाली डोसचे आकडे आहेत ते तुमची चिठ्ठी तुम्हाला वाचता यावी यासाठी. त्यावरून स्वतःचा डोस ठरवू नका.

औषध करतं काय

जेवल्यावर आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-1 नावाचं हार्मोन सोडतात. रक्तात साखर चढलेली असेल तर ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि पोट भरल्याचं मेंदूला कळवतं. शरीरातलं मूळ हार्मोन एक-दोन मिनिटांतच मोडून जातं. औषधात त्याची रचना बदललेली असते, त्यामुळे तेच काम दिवसभर किंवा आठवडाभर चालू राहतं. लिराग्लुटाइड रोज टोचावं लागतं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड आठवड्यातून एकदा. टिर्झेपटाइड जीआयपी नावाच्या आणखी एका हार्मोनचंही काम करतं. या कुळातलं पहिलं औषध, एक्झेनाटाइड, अमेरिकेत 2005 साली मधुमेहासाठी आलं आणि त्याचा माग लागला तो गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत. हे ऐकून आमच्याकडच्या एका काकूंनी औषध शाकाहारी आहे का, असं विचारलं होतं. आजची औषधं सरड्यापासून काढत नाहीत, कारखान्यात बनवतात.

आपल्याकडे टिर्झेपटाइड ‘मौंजारो’ या नावाने मार्च 2025 मध्ये आलं, सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावाने जून 2025 मध्ये. ‘ओझेम्पिक’ हेही सेमाग्लुटाइडच, पण मंजुरी मधुमेहासाठी; ते डिसेंबर 2025 मध्ये आलं. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. तेव्हा नावांच्या गर्दीत हरवू नका. खोक्यावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा.

उतरतं किती? 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड 2.4 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के कमी झालं; तुलनेसाठी औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. म्हणजे 92 किलोच्या माणसाचे सरासरी साधारण 14 किलो, तेही सव्वा वर्षात. 2022 च्या चाचणीत टिर्झेपटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत हा आकडा सुमारे 21 टक्के होता. सरासरी म्हणजे कुणाचं 25 टक्के, कुणाचं 4. ‘मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, तोवर दहा किलो जातील ना?’ असं विचारणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. दोन महिन्यांत तर डोस नीट चढलेलाही नसतो.

या सगळ्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि पुढचा बराचसा लेख तिच्याभोवती आहे. इंजेक्शनने भूक कमी होते, शरीराची गरज कमी होत नाही. प्रथिनं, पाणी, जीवनसत्त्वं तेवढीच लागतात, आणि ती आता निम्म्या ताटातून मिळवायची असतात.

आधी डॉक्टर, आणि डॉक्टरकडे जाताना पिशवी

हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळू नये. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या आजारांचे तज्ज्ञ) किंवा एमडी मेडिसिन डॉक्टर बघा. पार्लर, जिम आणि ‘स्लिमिंग सेंटर’ यांचं हे काम नाही.

जाण्याआधी घरी दोन मापं घ्या. वजन किलोत, त्याला उंचीच्या मीटरमधल्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. उंची 1.58 मीटर आणि वजन 72 किलो असेल तर 28.8. दुसरं माप कमरेचं, बेंबीच्या आसपास, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि बायकांत 80 च्या वर गेलं की पोटाची चरबी धोक्याची समजतात. आपल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो. औषधाच्या मंजुरीतला निकष मात्र बीएमआय 30 किंवा जास्त, नाहीतर 27 किंवा जास्त आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं यांतलं काहीतरी. वरच्या उदाहरणातल्या 28.8 ला ब्लडप्रेशर असेल तर औषधाचा विचार होतो. नुसतं ‘साडी नेसल्यावर पोट दिसतं’ असेल तर होत नाही, आणि जो डॉक्टर त्यावर नाही म्हणेल तो चांगला डॉक्टर.

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत भरून न्या, नावं आठवत बसू नका. यात मी मुद्दाम थांबते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड असलेली गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर या इंजेक्शनसोबत साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांचा डोस बरेचदा आधीच कमी करतात. इंदुरात पुष्कळ घरांत मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी असते आणि ती घेणाऱ्याला आपण ‘फक्त मेटफॉर्मिन’ घेतो असं वाटत असतं. पाकिटाची मागची बाजू वाचा. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्यांतलं काही चालू असेल तर सहसा बंद करतात, कारण त्यांचा रस्ता तोच आहे. वजन उतरत गेलं की ब्लडप्रेशरच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांचा डोसही पुन्हा बघावा लागतो. उठताना चक्कर यायला लागली तर औषध जास्त होतंय का, हे आधी तपासा.

मग ज्या गोष्टी डॉक्टरने नाही विचारल्या तरी तुम्ही सांगायच्या. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर किंवा एमईएन-2 नावाचा आनुवंशिक आजार होता का. असेल तर हे औषध नाही. साधं हायपोथायरॉइड असेल तर घाबरायचं कारण नाही, ते वेगळं. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा बिघडला आहे का. साखर झपाट्याने सुधारली तर पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो, म्हणून मधुमेह्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत.

बायकांनी आणखी एक. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे चालत नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी आणि टिर्झेपटाइड किमान एक महिना आधी थांबवायचं. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरा. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) असलेल्या मुलींचं वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस जातात. आयांसमोर हे बोलायला मुली लाजतात. डॉक्टरला एकटीने भेटायला मागा, त्यात काही वावगं नाही.

तपासण्यांत साधारणपणे एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन आणि बी-12 असतात. गरज वाटली तर पोटाची सोनोग्राफी. बी-12 विसरू नका. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि आता जेवण निम्मं.

हिशोब आणि खरेदी

मौंजारो बाजारात आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची एक कुपी 3,500 रुपयांना होती, म्हणजे महिन्याच्या चार कुप्या 14,000. वेगोवीचा सुरुवातीचा डोस महिन्याला 17,345 रुपये होता, तो नोव्हेंबर 2025 मध्ये 10,850 वर आला. किमती अजून हलत आहेत, म्हणून सुरू करताना आजचा भाव विचारा. पण पहिल्या महिन्याचा भाव धरून बजेट बांधू नका. डोस चढला की बहुतेक ब्रँडमध्ये किंमतही चढते. निदान वर्षभराचा आकडा कागदावर लिहा आणि नवरा-बायकोने तो मिळून बघा. वजन कमी करण्यासाठीच्या औषधाला विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. तीन महिने घेऊन पैसे संपले म्हणून सोडायचं असेल तर सुरूच करू नका, असं मी गिऱ्हाईक गमावूनही सांगते.

बिल घ्या, आणि त्यावर बॅच नंबर आहे ना ते बघा. खोकं हातात घ्या: सील, एक्सपायरी, बॅच नंबर खोक्यावर आणि पेनवर (औषध भरलेली, पेनसारखी दिसणारी सिरिंज) एकच आहे का. दुकानदाराने ते फ्रिजमधून काढून दिलं की काउंटरच्या फळीवरून, तेही बघा. दवा बाजारात ओळखीच्या माणसाकडून बिलाशिवाय स्वस्तात मिळेल, हा मोह सोडा. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्येच इशारा दिला होता. जिममध्ये ‘पेप्टाइड’ म्हणून पांढऱ्या पावडरच्या बाटल्या फिरतात, पाणी घालून टोचायच्या. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

फ्रिज, आणि मे महिना

न वापरलेलं औषध 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं. फ्रिजच्या दारात नको, तिथलं तापमान सारखं खालीवर होतं. फ्रीझरखालच्या ट्रेमध्येही नको, गोठलं की फेकून द्यायचं. वितळवून वापरायचं नाही. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न चिकटवता, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. डब्यावर नाव लिहा, नाहीतर घरचं कुणीतरी साफसफाईत बाहेर काढतं.

वापरायला काढलेलं पेन काही दिवस बाहेर चालतं: वेगोवीचं पेन सहा आठवडे, मौंजारोचं क्विकपेन 30 दिवस. पण अट 30 अंशांखालची आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. इंदुरात उन्हाळ्यात फ्रिजशिवाय ठेवायचा विचारच नको. पुण्याला लग्नाला निघालात तर थर्मासच्या पिशवीत बर्फाचं पॅक, त्यावर टॉवेल, त्यावर पेन. पेन बर्फाला थेट टेकता कामा नये. विमानात हातातल्या बॅगेत, कारण सामानाच्या डब्यात गोठण्याची भीती असते. कारच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पेन घेऊन ‘चालेल का हो?’ विचारायला लोक येतात. नाही चालत. दिसायला स्वच्छ असलं तरी त्याचा गुण गेलेला असू शकतो.

टोचणं

सगळ्यात जास्त भीती याची असते आणि सगळ्यात सोपं हेच. आठवड्याचा एक वार ठरवा. मी शनिवार संध्याकाळ सुचवते: मळमळ झालीच तर रविवार घरचा असतो. ज्यांचा रविवार सकाळच्या पोहे-जिलबीवर जातो त्यांनी सोमवार धरावा.

जागा तीन: बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, किंवा दंडाचा मागचा भाग (तिथे दुसऱ्या कुणी टोचून द्यावं). दर आठवड्याला जागा बदला. पेन टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवलं की कमी झोंबतं. हात साबणाने धुवा. औषध पाण्यासारखं नितळ आहे ना ते बघा. नवी सुई लावा, दोन्ही टोप्या काढा.

मग तपासणी. मौंजारोच्या क्विकपेनमध्ये दर वेळी आधी सुईतली हवा काढावी लागते. वेगोवीच्या पेनमध्ये नवीन पेनच्या पहिल्या वेळीच सुईच्या टोकाला थेंब येतो का ते बघायचं. दुसऱ्या कंपनीचं पेन असेल तर आतलं पत्रक वाचा. ‘माझ्या जावेने असं केलं होतं’ हा आधार पुरेसा नाही. डोस लावा, सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा, आकडा शून्यावर आला तरी बटण दाबूनच ठेवा आणि सहापर्यंत सावकाश मोजून मग सुई काढा. चोळायचं नाही.

कुपी आणि सिरिंज असेल तर पहिल्यांदा डॉक्टरच्या किंवा नर्सच्या समोरच करा. इन्सुलिनच्या सिरिंज आपल्या बाजारात दोन मापांच्या मिळतात: 40 युनिटवाली लाल टोपीची आणि 100 युनिटवाली नारिंगी टोपीची. एकच मिलिलिटर एकीवर 40 रेघांचा, दुसरीवर 100 रेघांचा. चुकीची सिरिंज घेतली की डोस अडीच पट इकडे किंवा तिकडे जातो. आणि मिलिग्रॅम म्हणजे युनिट नव्हे. चिठ्ठीवर ‘0.25’ असेल तर ते मिलिग्रॅम आहे. तुमच्या कुपीसाठी सिरिंजवरची किती रेघ, हे डॉक्टरकडून लिहून घ्या.

पेन एकाचंच. सुई बदलली तरी दुसऱ्याने वापरायचं नाही, कारण रक्ताचा अंश पेनमध्ये मागे जाऊ शकतो आणि कावीळ, एचआयव्ही अशांचा धोका असतो. नणंद-भावजयीने मिळून एक पेन आणून खर्च वाटून घ्यायचा बेत माझ्यासमोर ठरलेला आहे. दोघी माझ्यावर रागावल्या, तरी मी दिलं नाही. तसंच पेनच्या टिकटिक मोजून अर्धे डोस काढायचे, किंवा चार डोस झाल्यावर क्विकपेनमध्ये उरलेला थेंबभर सिरिंजने ओढायचा, हे मोबाइलवर शिकलेले उद्योग करू नका. ते उरणारं औषध हवा काढण्यासाठी जास्तीचं भरलेलं असतं.

सुई टोपीसकट कचऱ्यात टाकायची नाही. शाम्पूची किंवा डिटर्जंटची जाड बाटली घ्या, सुया त्यात टाका, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुइयाँ’ असं हिंदीत ठळक लिहा. इंदूरच्या कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात ती द्या. ओल्या-सुक्यात गेली तर वेचणाऱ्याच्या हाताला टोचते.

डोसच्या पायऱ्या

सेमाग्लुटाइडचा वजनासाठीचा क्रम असा: 0.25 मिलिग्रॅम चार आठवडे, मग 0.5, 1, 1.7 प्रत्येकी चार आठवडे, आणि शेवटी 2.4. टिर्झेपटाइड 2.5 ने सुरू, चार आठवड्यांनी 5, पुढे गरज पडली तर किमान चार-चार आठवड्यांच्या अंतराने 2.5 ने वाढवत जास्तीत जास्त 15. पहिली पायरी वजन उतरवायला नसतेच, पोटाला सवय लागावी म्हणून असते. ‘महिना झाला, काटा हललाच नाही’ म्हणून स्वतःच दुप्पट घेतलं की पुढचा आठवडा बाथरूममध्ये जातो. उलट 1 मिलिग्रॅमवर छान उतरत असेल आणि त्रास नसेल तर तिथेच थांबायला सांगणारे डॉक्टर आहेत, आणि मला ते पटतं. शेवटची पायरी गाठलीच पाहिजे असा नियम नाही.

वार चुकला तर: वेगोवीत पुढच्या डोसला दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ असेल तर आठवताच घ्या, नाहीतर सोडून द्या. मौंजारोत चुकून चार दिवस उलटले नसतील तरच घ्या. एकदम दोन कधीच नाहीत. लागोपाठ दोन-तीन आठवडे चुकले तर जुन्या डोसवर परस्पर परत जाऊ नका, डॉक्टरला फोन करा. बहुधा खालून सुरू करावं लागतं.

ताट

इथे इंदूर आडवं येतं. या गावात खाणं हा सामाजिक व्यवहार आहे: सकाळी पोह्यांवर शेव आणि जीरावन, दुपारी कुणाकडे दाल-बाफले (वरणासोबत कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले गोळे), संध्याकाळी छप्पन दुकान, रात्री सराफा. इंजेक्शनवर असताना अर्धी कचोरी खाल्ली तरी पोट गच्च होतं, आणि दिवसाची भूक तिथेच संपते. मग रात्री ‘आज मी किती कमी खाल्लं’ म्हणून समाधान. कमी खाल्लं खरं, पण त्यात प्रथिन जवळपास नव्हतंच. अशा माणसाचं वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. चेहरा ओढलेला दिसतो, जिना चढताना पाय भरून येतात, तीन-चार महिन्यांनी केस हातात येतात.

म्हणून ताटातला क्रम बदला. आधी प्रथिन, मग भाजी, मग उरलेल्या भुकेत भात-पोळी. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिन धरा. 70 किलोला 70 ते 85 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरने ठरवायचा. एका उकडलेल्या अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, मोठ्या ग्लासभर दुधात 8, घट्ट वरणाच्या वाटीत 6-7, आणि कोरड्या सोयाबीन वड्यांच्या 100 ग्रॅममध्ये 50 च्या वर. आपलं पातळ वरण भातावर घालून प्रथिन झालं असं समजणाऱ्या मराठी घरांनी हा हिशोब एकदा करून बघावा. मोड आलेल्या मुगाची उसळ, पोह्यांत मूठभर सोयाबीनचा चुरा किंवा पनीर, जेवणाआधी वाटीभर घट्ट दही, सातूचं पीठ ताकात. मांसाहार करणाऱ्यांना सोपं आहे.

तळलेलं आणि तुपकट टाळायचं ते फक्त कॅलरीसाठी नाही. जठर आधीच हळू रिकामं होतंय, त्यात तुपात बुडवलेला बाफला गेला की तो तासन्‌तास तिथेच बसतो. आंबट-कडू ढेकर, मळमळ, मग उलटी. सराफ्याला जायचं तर जा, गप्पांसाठी. भुट्ट्याचा कीस दोन चमचे खा आणि झोपण्याआधी दोन-तीन तास सोडा. उन्हाळ्यात शिकंजी पिऊन ‘पाणी घेतलं’ असं धरू नका. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, ते आटवलेलं गोड दूध आहे. पाणी दोन ते अडीच लिटर, घोट घोट. भुकेबरोबर तहानही कमी लागते, त्यामुळे बाटलीवर खूण करून ठेवा.

उपास हा आमच्या गिऱ्हाइकांचा आवडता वाद. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास नाही. बाकीच्यांनी केला तर साबुदाण्याची खिचडी हा उपास नसून बटाटा-शेंगदाण्यासह पिठाचा गोळा आहे, हे ध्यानात ठेवून दूध, दही, पनीर, राजगिरा यांवर करावा. निर्जळी नको.

स्नायू टिकवायला नुसतं पिपल्यापाळा पार्कात चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वजन ढकलणारा किंवा ओढणारा व्यायाम हवा: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर जोर, रबरी पट्टा, पाण्याने भरलेल्या बाटल्या. पासष्टीच्या पुढच्यांनी हा भाग गाळायचाच नाही.

त्रास: कुठला सहन करायचा, कुठला नाही

मळमळ, बद्धकोष्ठ, जुलाब, ढेकर हे डोस वाढल्यावर पहिले काही दिवस येतात आणि बहुतेकांचे ओसरतात. थोडं थोडं खा, पोट भरायच्या आधी थांबा, जेवून लगेच आडवं होऊ नका. बद्धकोष्ठावर इसबगोल चालतं, पण त्यासोबत पाणी भरपूर. फार त्रास होत असेल तर डोस पुढे न नेता तिथेच आणखी महिनाभर ठेवता येतो. डॉक्टरला सांगा, गप्प बसून औषध सोडू नका.

पण पोटात वरच्या बाजूला न थांबणारी तीव्र कळ, पाठीत जाणारी, सोबत उलट्या, असं झालं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून माझ्या दुकानात येऊ नका. स्वादुपिंडाची सूज असू शकते. इंजेक्शन थांबवा आणि थेट एमवाय किंवा जवळच्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. उजव्या बरगडीखाली कळ आणि ताप, डोळे पिवळे, हे पित्ताशयाचं. दिवसभर उलट्या होऊन लघवी कमी झाली तर मूत्रपिंडावर ताण येतो. मे महिन्यात हे फार लवकर होतं. एका डोळ्याची नजर अचानक गेली तर त्याच दिवशी दाखवा. अगदी क्वचित होतं, पण थांबायचं नसतं. घाम, थरथर, डोकं हलकं वाटणं म्हणजे साखर खाली: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

ऑपरेशन, एंडोस्कोपी, अगदी भूल देऊन होणारं छोटं काम असलं तरी भूलतज्ज्ञाला आधी सांगा. रात्रीपासून उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेलं असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

थांबवायचं कधी, कसं

सहन होईल तेवढ्या डोसवर सहा महिने होऊनही वजन पाच टक्केसुद्धा उतरलं नसेल तर तेच पुढे रेटण्यात अर्थ नाही. डॉक्टर दुसरं औषध किंवा दुसरा उपाय बघतील.

उतरलं असेल तर प्रश्न अवघड. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काही लोकांचं औषध बंद करून वर्षभर पाहिलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं होतं. लठ्ठपणा ब्लडप्रेशरसारखा जुना आजार आहे, औषध असेपर्यंत आटोक्यात, असं मानणारे डॉक्टर वाढताहेत. इष्ट वजन आलं म्हणून दिवाळीत एकदम बंद करणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त. भूक परत येते ती पूर्ण ताकदीने, आणि समोर चकलीचा डबा.

थांबवायचंच असेल, पैशासाठी, बाळासाठी किंवा कंटाळा आला म्हणून, तर डॉक्टरशी बोलून साधा महिना निवडा. डोस पायरीपायरीने खाली आणायचा की नाही ते त्यांच्यावर सोडा. त्याआधी व्यायाम आणि प्रथिनाची घडी किमान तीन महिने बसलेली असू द्या. मधुमेह असेल तर बंद केल्यावर साखर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला मोजा, कारण कमी केलेल्या गोळ्या पुन्हा वाढवाव्या लागू शकतात. दर रविवारी सकाळी, पोह्यांच्या आधी, वजन आणि कंबर वहीत लिहा. शेवटच्या वजनापेक्षा तीन किलो वर गेलं की दहा होण्याची वाट बघू नका, वही घेऊन डॉक्टरकडे जा.